तो रामराम करत नव्हता

झोळीच्या कडीपासून सुरुवात करते, कारण बाळाच्या आजाराची पहिली खूण तिथेच मिळाली होती आणि आम्ही ती ओळखली नाही.

आमचं घर अमळनेर तालुक्यात, बोरीकाठच्या गावात, जुनं धाब्याचं. मधल्या खोलीत लाकडी खांडाला लोखंडी कडी आहे, तिला माझ्या एका जुन्या सुती साडीची झोळी बांधलेली. बाळ झोपला की झोळी हळूहळू थांबते आणि कडी गप्प होते. डिसेंबरच्या शेवटी शेवटी असं व्हायला लागलं की बाळ उठायच्या वेळेला कडी वाजायची. एकदा टण्. मग आपण सहा-सात आकडे मोजू तेवढी शांतता, परत टण्. परत. असं दहा-पंधरा वेळा, आणि मग त्याचं रडणं. सासूबाई चुलीपासून विचारायच्या, "वं माय, कडी कशी वाजी राह्यनी?" मी हातातलं काम टाकून जाईपर्यंत तो झोळीत खोल नुसता डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा, मला वाटायचं पाय मारत असेल.

पाच महिन्यांचं बाळ पाय मारणारच ना. कोणती आई त्यात आजार शोधेल.

आता थोडं मागचं सांगावं लागेल. बाळ श्रावणात झाला, कानबाईच्या रविवारच्या आदल्या दिवशी, सिझर झालं. मला दूध लवकर आलं नाही, टाके दुखत होते, कुशीवर वळता येत नव्हतं, आणि आमच्याकडे पद्धत म्हणून मधाचं बोट चाटवलं गेलं. दोन दिवस सगळे म्हणत होते किती शांत बाळ आहे, रडतच नाही, आणि मलाही बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी नर्सने त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, साखर २२ निघाली, फारच कमी, बाळाला उचलून धावतच काचेच्या पेटीत नेलं. चार दिवस तिथे होता. घरी सोडताना म्हणाले आता ठीक आहे, दूध पाजत रहा. पुढे काय होऊ शकतं, कशावर लक्ष ठेवायचं, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, बाळ हातात मिळाला यातच सगळं आलं होतं. नवीन आयांना मी हे सांगतेच सांगते, सिझर असलं तरी पहिल्या तासात बाळाला छातीशी लावायला मागा, मध नको, पाणी नको, आणि नवजात बाळ खूपच शांत शांत, सुस्त, दूध ओढत नसलेलं वाटलं तर त्याचं कौतुक नको, साखर तपासायला सांगा.

तर डिसेंबर. दोन-चार दिवसांनी मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं, दुपारी चटईवर झोपवला होता तेव्हा. डोळे उघडले, आणि एकदम दोन्ही हात खांद्यापासून वर-पुढे आले, मान खाली गेली, गुडघे पोटाकडे ओढले गेले, सगळं मिळून एक सेकंद, फार तर दोन. मग सैल. मग परत तसंच. ताप नाही, तोंडाला फेस नाही, डोळे पांढरे नाहीत, श्वास अडकला नाही. सासूबाई म्हणाल्या, "दचकस पोऱ्या, घाबरू नको." शेजारच्या काकूंनी सांगितलं पोटात मुरडा येतो, ओव्याचा शेक दे. कोणी म्हणालं दात येताहेत. सगळ्यांनी मनापासूनच सांगितलं, त्यांच्या हाताखालून दहा-दहा पोरं गेलेली, माझं पहिलं.

तरी मला चैन नव्हती म्हणून ह्यांच्या मागे लागून तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. तिथे बाळ हसत नव्हता, रडत नव्हता, झटका पण नाही, एकदम नॉर्मल. मी हाताने करून दाखवलं की असं असं करतो. डॉक्टर म्हणाले गॅस आहे, ड्रॉप दिले, दूध पाजल्यावर खांद्यावर घ्या. त्यांच्यावर मी खूप दिवस चिडलेली होते. जन्माच्या वेळी साखर कमी झाली होती ही फाइल माझ्या पिशवीत होती, ती त्यांनी मागितली नाही, पण मीही काढून दिली नाही. त्या ड्रॉपवर आमचे सोळा दिवस गेले. हे सोळा दिवस मी अजून बोटांवर मोजते.

त्या सोळा दिवसांत जे झालं ते जास्त वाईट होतं आणि ते तर कोणाच्याच लक्षात आलं नाही. ह्यांची मोटारसायकल अंगणात आली की बाळ हात-पाय हलवायचा, तोंडभर हसायचा, बोळक्या हिरड्या दिसायच्या. ते बंद झालं. गाडी यायची, हॉर्न वाजायचा, हा आपला पत्र्याकडे बघत पडलेला. मी चेहऱ्यासमोर चेहरा नेला तर नजर माझ्या बाजूने निसटून जायची. पालथा पडायला लागला होता ते पण सोडलं. हे म्हणाले थंडीमुळे आळसावला. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागनी व्हई पोऱ्याले," मीठ-मोहरी-मिरची ओवाळून चुलीत टाकली. मी मात्र रात्री त्याच्या तळपायाला तेल चोळत बसायचे आणि वाटायचं हा माझा बाळ नाहीच, तो कुठेतरी दुसरीकडे गेलाय आणि हा इथे ठेवलाय. हे मी कोणाला बोलले नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्याचं बोरन्हाण ठेवलं. नणंद पारोळ्याहून आली, तिची मुलगी दहावीत आहे, तिचं नाव इथे घेत नाही, भाची म्हणते. सकाळी शेतात भरताची वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, घर भरलेलं. बाळाला काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याची बाजूबंदं, सगळं नणंदेने स्वतः बनवलेलं. तो झोपला होता, बायका यायला लागल्या म्हणून उठवलं, सासूबाईंनी मांडीत घेतला, पुढे पाट, भोवती गल्लीतली पोरं मुरमुरे-बोरं गोळा करायला टपून बसलेली. भाचीने मोबाईल धरला. मी सुपातून बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, मुरमुरे, चॉकलेटं त्याच्या डोक्यावरून सोडायला लागले आणि त्याचं सुरू झालं. मान खाली, हात पुढे. वर. परत मान खाली, हात पुढे. मुकुटाचा हलवा खाली सांडतोय, आणि सगळ्या बायका हसताहेत, "दखा दखा, कसा रामराम करी राह्यना!" समोरून एका आजीने उलट हात जोडून रामराम केला. पोरं पण त्याच्यासारखी वाकून रामराम करायला लागली. मी पण हसत होते. व्हिडिओत माझं हसणं ऐकू येतं, ते मला अजून ऐकवत नाही.

भाचीने संध्याकाळी तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, एक मिनिट दहा सेकंदांचा. खाली हार्ट, लाडू, नजर न लागो. रात्री साडेदहा-अकराला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती नाशिकला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, ड्युटीवरून आल्यावर तिने ग्रुप उघडला होता. हॅलो पण म्हणाली नाही. "हे कधीपासून करतो? उठल्यावरच करतो का? एकामागे एक करतो का? हसतो का अजून तुझ्याकडे बघून?" शेवटच्या प्रश्नाला मी रडायलाच लागले. ती म्हणाली, ताई, तो रामराम करत नाहीये, हे झटके आहेत, इन्फंटाइल स्पॅझम म्हणतात, उद्या सकाळी निघा, थांबू नका, आणि आता रात्रीत उठेल तेव्हा अजून व्हिडिओ काढून ठेव.

व्हिडिओ कसा काढायचा ते पण तिने फोनवरच सांगितलं आणि ते मी इथे लिहिते, कारण ते मला आधी माहीत असतं तर सोळा दिवस वाचले असते. लाईट लाव. अंगावरची दुपटी, गोधडी काढ, हात-पाय-तोंड सगळं एका वेळी दिसू दे. मोबाईल जवळ नेऊ नको, बाळाला धरू नको, हाक मारू नको. एकच झटका घेऊन बंद करू नको, सगळी माळ संपेपर्यंत चालू ठेव, दोन झटक्यांच्या मधला गॅप पण दिसला पाहिजे. पहाटे साडेचारला तो उठला, मी मोबाईल धरला, ह्यांनी बॅटरी धरली, आणि आम्ही दोघांनी पहिल्यांदा ते पूर्ण पाहिलं. एकतीस. एकतीस वेळा. ह्यांचा हात इतका हलत होता की व्हिडिओत उजेड हलतो.

सासरे, आम्ही आप्पा म्हणतो, ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. एवढंच म्हणाले, "सकायमा निंघा. गाडीना भाडानी चिंता करू नका, मी शे ना." गोठ्यातली गाय त्यांनी पुढच्या आठवड्यात विकली हे मला नंतर कळलं.

धुळ्यापर्यंत धुकं होतं. पांझरेवरच्या पुलावर सासूबाईंनी गाडीतूनच एकविरा मायला हात जोडले. पुढे मालेगाव, चांदवड, नाशिक, पूर्ण रस्ता बाळाला झोपू द्यायचं नव्हतं, कारण तिथे झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटांचा आलेख, काढायचा होता आणि तो थकलेला लागतो. मी गाणी म्हणत होते, हे टाळ्या वाजवत होते, सासूबाई ओल्या रुमालाने तोंड पुसत होत्या आणि पुसता पुसता डोळे पदराला. डोक्याला तेल लावून नेऊ नका असं बहिणीने सांगितलेलं, रात्रीच शाम्पूने धुतलं होतं. तिथे त्याच्या टाळूभर पेस्टने छोट्या छोट्या चकत्या चिकटवल्या, वायरी, वरून पट्टी, झोपेचं औषध पाजलं. तो झोपला, मशीन चालू राहिलं, मग उठवून पण थोडा वेळ काढला, आणि उठल्यावर त्याने तिथेच आठ-दहा झटके दिले. ईईजी काढणारे दादा एकदम गप्प झाले, स्क्रीनवर खुणा करत गेले. झटका आला म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलं, आता तरी कोणी गॅस म्हणणार नाही.

मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांनी, न्यूरोलॉजिस्ट, आम्हाला स्क्रीन दाखवली. म्हणाले निरोगी बाळाच्या झोपेत लाटा कशा ओळीत, लयीत असतात, आणि ह्याच्या पहा. मला तर पिंजाऱ्याने पिंजून टाकलेला कापूस आठवला, कुठला धागा कुठे जातो काही ठिकाण नाही, सगळं उंच, विस्कटलेलं. त्याला हिप्सॅरिदमिया म्हणतात. असा ईईजी, अशा झटक्यांच्या माळा आणि वाढ थांबणं किंवा मागे जाणं, हे तिन्ही एकत्र आलं की वेस्ट सिंड्रोम. नाव एका इंग्लिश डॉक्टरवरून पडलंय, विल्यम जेम्स वेस्ट. त्यांनी १८४१ मध्ये लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय पत्रिकेला पत्र लिहिलं होतं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या मुलाबद्दल होतं. बाळ मान पुढे टाकतं हे त्यांना आधी नुसती सवय वाटली होती, खेळ वाटला होता. स्वतः डॉक्टर आणि स्वतःचं लेकरू. आणि त्या झटक्यांना तेव्हाच सलाम करण्याची उपमा मिळाली होती. आमच्याकडे रामराम, तिकडे सलाम. हे ऐकून ह्यांनी डोळे पुसले, म्हणजे आपण एकटेच वेडे नाही.

मग मी विचारायचं ते विचारलं, की दचकणं आणि हे कसं ओळखायचं. डॉक्टरांनी वेळ घेऊन सांगितलं, मी माझ्या शब्दात सांगते. दचकायला कारण लागतं, भांडं पडलं, कोणी पटकन खाली ठेवलं, आणि बाळ एकदा दचकून मोकळं होतं, ती दचकण्याची सवयही चार-सहा महिन्यांत जाते. हे मात्र बिनकारणाचं येतं, एकसारखं येतं, काही सेकंदांच्या अंतराने माळेसारखं येतं, आणि बहुतेक वेळा झोपेतून उठल्यावर येतं. कधी बाळ पुढे वाकतं, कधी उलट मागे ताणलं जातं, कधी नुसती मान किंवा नुसते डोळे वर जातात इतकं बारीक असतं. पोटात दुखणारं बाळ आधीपासून कळवळतं, हे मात्र माळ संपल्यावर किंवा मधल्या गॅपमध्ये रडतं. बहुतेक बाळांना हे पहिल्या वर्षातच सुरू होतं, चार ते सात महिन्यांत सगळ्यात जास्त. साधारण दोन ते चार हजार बाळांत एखाद्याला होतं. म्हणजे आपल्या तालुक्यात दरवर्षी एक-दोन तरी असतीलच ना, आणि ती कुठे आहेत?

कारणं वेगवेगळी असतात. जन्मताना गुदमरणं, मेंदूचा ताप, जनुकातला दोष, ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा एक आजार असतो ज्यात अंगावर पानासारखे पांढुरके डाग असतात म्हणून त्यांनी बाळाला अंधाऱ्या खोलीत नेऊन निळसर दिव्याखाली अंग तपासलं. काही बाळांत कारण सापडतच नाही. आमच्या बाळाचं एमआरआयमध्ये दिसलं, मेंदूच्या मागच्या भागात, जिथे नजरेचं काम चालतं, तिथे मार बसलेला, साखर कमी झाल्याचा. तेव्हा कळलं की तो माझ्या चेहऱ्याच्या बाजूला का बघायचा. मी तिथे बाकावर बसले आणि सासूबाई माझ्या शेजारी, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या ते मधाचं बोट माझं होतं. मी त्यांचा हात धरला. मध काय, उशीर काय, माझं दूध काय, कोणाचं एकाचं नव्हतं ते.

उपचार त्याच दिवशी सुरू केले. डॉक्टरांचं म्हणणं, झटके दिसतात त्याहून जास्त नुकसान आत त्या विस्कटलेल्या लाटा करतात, त्यात मेंदूला काही शिकताच येत नाही, म्हणून आठवडे घालवायचे नाहीत, एकेक दिवस मोजायचा. औषधं मुख्य तीन, एसीटीएच नावाचं इंजेक्शन, तोंडाने द्यायचं मोठ्या डोसचं स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन, आणि व्हिगाबॅट्रिन. कोणाला कोणतं ते डॉक्टर ठरवतात, म्हणून डोस इथे लिहीत नाही. आम्हाला स्टेरॉइडचं पातळ औषध दिलं.

स्टेरॉइड म्हटल्यावर घरात सगळे घाबरले, आणि खरं सांगते, ते दिवस फार कठीण गेले. औषध कडू, निम्मं थुंकायचा, मग मी गालाच्या आतल्या बाजूला ड्रॉपरने थेंब थेंब सोडायला शिकले. झोप गेली, रात्री दोन-तीनला उठून भुकेने आरडाओरडा. चेहरा आठवडाभरात पुरीसारखा फुगला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या आता कसं छान बाळसं धरलं, आणि मी नुसती मान हलवायचे, ते बाळसं नव्हतं, औषधाची सूज होती. दर दोन-तीन दिवसांनी तालुक्याला नेऊन बीपी मोजायचं, चार बोटं रुंदीचा छोटा पट्टा असतो तो त्याच्या दंडाला बांधून, लघवीतली साखर बघायची. इन्फेक्शनची भीती म्हणून लग्नं, बारसं, यात्रा सगळं बंद, दारात येणाऱ्यांना हात धुवायला लावायचे, काही जणींना राग आला तर येऊ दिला. पल्स पोलिओवाल्या ताई आल्या तेव्हा त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, कारण हे औषध चालू असताना जिवंत विषाणूची लस देत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, सूज बघून तर अजिबात नाही, हळूहळू कमी करत आणतात. आमच्या एका नातेवाइकांनी फोन करून सांगितलं होतं की बंद करा आणि पोटावर डाग देऊन आणा, ओळखीचा माणूस आहे. आप्पांनी फोन घेऊन एवढंच म्हटलं की पोराच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही.

ह्यांनी कृषी केंद्राची एक जुनी वही घेतली, खतं-बियाण्याची, तिच्यात रोज रेघा. कितीला उठला, किती झटके, किती मिनिटं. पहिल्या दिवशी पाच माळा, एकशे बारा रेघा. चौथ्या दिवशी चार माळा, ऐंशी. सहाव्या दिवशी दोन. आठव्या दिवशी दुपारी एकच, नऊ रेघांची. नवव्या दिवशी पान कोरं. आम्ही कोणी बोललो नाही, बोललं तर परत येईल असं वाटायचं. दहाव्या दिवशी कोरं. सासूबाई कडीखाली बसून तांदूळ निवडत होत्या, तो उठला आणि कडी वाजली नाही, त्यांनी वर बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

दोन आठवड्यांनी परत ईईजी, कारण दिसणारे झटके थांबले म्हणजे आतलं थांबलं असं नसतं, ते मशीनवरच कळतं. लाटा बऱ्याच सुधारल्या होत्या. त्यानंतर पाचव्या की सहाव्या दिवशी ह्यांची गाडी अंगणात आली आणि बाळाने मान वळवली. आवाजाकडे. हसला नाही, फक्त वळला, आणि ह्यांनी गाडी स्टँडवर न लावता तशीच भिंतीला टेकवली.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमाराला, औषध बंद होऊन काही आठवडे झाले असताना, मी माहेरी होते, झोका बांधलेला, सगळ्या माहेरवाशिणी, आणि बाळ उठल्यावर मला परत ते दिसलं, अगदी बारीक, नुसती मान आणि खांदे. पण यावेळी मी कोणाला विचारलं नाही. व्हिडिओ काढला, डॉक्टरांना पाठवला, दुसऱ्या दिवशी नाशिक. असं परत येऊ शकतं हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग व्हिगाबॅट्रिन सुरू झालं, ते आमच्या तालुक्यात मिळत नव्हतं, बहीण नाशिकहून एसटीच्या पार्सलने पाठवायची आणि हे स्टँडवर जाऊन थांबायचे. त्या औषधाने नजरेच्या कडेवर परिणाम होऊ शकतो म्हणून डोळ्यांची तपासणी करत रहावं लागतं, आणि आमच्या बाळाची नजर आधीच कमी, त्यावर आम्ही दोघं एक पूर्ण रात्र बोललो. शेवटी दिलं. झटके थांबले, ते आजपर्यंत थांबलेले आहेत.

आता तो सव्वादोन वर्षांचा आहे. एकोणीस महिन्यांचा असताना बसायला लागला, आता धरून उभा राहतो, भिंतीच्या कडेने चार पावलं टाकतो. बोलत नाही, पण "माय" म्हणतो, मला नाही, सासूबाईंना. चमकदार वस्तू, लाल-पिवळं दिसतं, म्हणून मी बांगड्या लाल घालते. जिल्ह्याच्या सरकारी केंद्रात, डीईआयसी म्हणतात, तिथे थेरपीला नेतो, तिथे पैसे लागत नाहीत, जाण्यायेण्याचा दिवस जातो. डॉक्टरांनी खोटी आशा दिली नाही, म्हणाले मूळ मार जन्मावेळचा आहे, तो पुसता येणार नाही. मग मी एकदा विचारलंच, सोळा दिवस आधी आलो असतो तर? ते म्हणाले त्याचं उत्तर कोणी देऊ शकत नाही. बरोबर आहे त्यांचं. पण मला ते दिवस हवे होते.

म्हणून मी आता एक काम करते. आशाताई तीन, सहा, नऊ महिन्यांच्या बाळांच्या घरी जातात, त्यांच्या मोबाईलमध्ये मी आमचा पहाटेचा व्हिडिओ टाकून दिलाय, बोरन्हाणाचा नाही, त्यात बाकीच्या बायकांचे चेहरे आहेत. त्यांनी तो बाकीच्या आशांना पण दाखवला. डिसेंबरच्या १ ते ७ तारखेला ह्या आजाराचा जागृती आठवडा असतो हे मला बहिणीने सांगितलं, त्या आठवड्यात मी अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी दारात बसले, येईल त्या आईला मोबाईल दाखवत. बऱ्याच जणी बघून पदर तोंडाला लावतात आणि बाळाला जवळ ओढतात, कोणाला अपशकुन वाटतो, एकीने सरळ सांगितलं माझ्या लेकराला दाखवू नको. मला वाईट वाटतं पण मी बसते.

त्या दिवशी एक मळ्यातली पोरगी होती, वीस-एकवीसची, साडेचार महिन्यांची मुलगी. दोनदा व्हिडिओ बघितला आणि हळूच म्हणाली आमची पण असं काहीतरी करते, झोपताना. मी तिला लाईट, गोधडी, सगळं सांगितलं. रात्री तिचा व्हिडिओ आला, मला काही कळेना, मी बहिणीला पाठवला, ती म्हणाली वेगळं वाटतंय पण मी डॉक्टर नाही, दाखवून घ्या. ते लोक धुळ्याला गेले, ईईजी झाला, जागेपणीचा आणि झोपेतला दोन्ही. रिपोर्ट एकदम चांगला, झोप लागताना काही बाळं अशी हात-पाय उडवतात, तेवढंच होतं.

तिची सासू माझ्यावर नाराज आहे, गाडीभाडं आणि तपासणीचे पैसे गेले म्हणून, बाजारात समोर आली तर बोलली नाही. पोरीने मात्र फोन केला होता. म्हणाली ताई, त्या डॉक्टरांनी विचारलं व्हिडिओ काढायला कोणी शिकवलं. पुढच्या लसीकरणाला तिची जाऊ येणार आहे, तिला आठवा लागलाय, तिला पण दाखवा म्हणाली.